जुनी बोट, नवे इंजिन : आधी लाकूड, मग हॉर्सपॉवर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढल्या की एकच सवाल उभा राहतो : जुन्या लाकडी बोटीत नवे इंजिन बसवावे काय?

जरूर बसवावे, पण आधी लाकूड पारखा. फळ्या आणि इंजिनाखालचे फाउंडेशन टोच्याने तपासा. टोचा सहज आत गेला तर लाकूड कुजले समजा. अशा लाकडावर इंजिन बसवले तर पैसा पाण्यात.

दुसरी गोष्ट हॉर्सपॉवरची. मोठे इंजिन पाहून आपण भुलतो. परंतु पाण्यात ३६ फूट लांबी असलेली जड बोट सहसा ८ नॉटच्या फारशी पुढे जात नाही. त्यानंतर वाढते ते डिझेलचे बिल. जाळे ओढण्याची ताकद योग्य गिअरबॉक्स आणि मोठ्या, संथ फिरणाऱ्या पंख्यातून मिळते. मात्र पंखा इंजिनाला भारी झाला तर काळा धूर निघतो.

शाफ्टची लाइन बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासा, कारण पाण्यात लाकडी सांगाड्याचा आकार थोडा बदलतो. ४ इंची कपलिंगच्या दोन तोंडांत ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नको.

नव्या इंजिनाचा नंबर नोंदणीत व विम्यात चढवून घ्या. आणि मिस्त्रीच्या मजुरीत काटकसर करू नका. भर समुद्रात बंद पडलेले इंजिन त्याहून महाग पडते.