वाढलेली रॅम आणि अपुरे पत्ते

जुना डेस्कटॉप संगणक मंद चालूं लागला म्हणजे घरोघर एकच सल्ला ऐकूं येतो: रॅम वाढवा. सल्ला पुष्कळदां योग्यहि असतो. दुकानदार नवी पट्टी बसवून देतो, पैसे चुकते होतात, आणि घरीं येऊन संगणक सुरू केल्यावर पडद्यावरील आंकडा पाहून गृहस्थ बुचकळ्यांत पडतो. आठ गिगाबाइटचे पैसे मोजलेले असतात. संगणक वापरण्याजोगी म्हणून कबूल करतो ती अवघी सव्वातीन! पहिला संशय अर्थातच दुकानदारावर जातो. बिचारा बहुधा निरपराध असतो. पट्टीहि अस्सल असते. अडचण असते ती संगणकाचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची. आणि तीहि कांहीं बिघडलेली नसते. तिला त्यापुढें मोजतांच येत नाहीं.

हें मोजणें म्हणजे काय, तें पाहण्यापूर्वीं रॅमचें काम ध्यानांत घेतलें पाहिजे. हार्ड डिस्क हें घरांतलें कोठार, तर रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. कोठारांत धान्य कितीहि असलें तरी चालू स्वयंपाक ओट्यावरच मांडावा लागतो. ओटा अपुरा पडला कीं एक भांडें उचलून कोठारांत ठेवावयाचें, दुसरें आणावयाचें, पुन्हां पहिल्यासाठीं धांवावयाचें, अशा येरझारा सुरू होतात. जुन्या संगणकाची डिस्क कुरकुरत राहते आणि काम पुढें सरकत नाहीं, तें पुष्कळदां याच येरझारांमुळें.

पण ओट्याची उपमा एवढ्यापुरतीच. रॅममध्यें कोट्यवधि बारीक घरें असतात; प्रत्येक घर म्हणजे एक बाइट, सुमारें एक रोमन अक्षर मावेल एवढी जागा. प्रत्येक घरास क्रमांक असतो आणि प्रोसेसर घर शोधतो तो केवळ या क्रमांकावरून. ज्या पोस्टमनच्या वहींत चारच आंकड्यांचे रकाने छापलेले आहेत, त्याला ९९९९ च्या पुढच्या घरीं पत्र पोंचवितां येणार नाहीं, मग तेथें वाडे बांधलेले असोत कीं राजवाडे! संगणकाचे आंकडे दोनच, शून्य आणि एक. त्याच्या वहींतील एकेका रकान्यास बिट म्हणतात. एक बिट वाढला कीं मोजतां येणारीं घरें दुप्पट होतात.

आय्‌बीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला प्रसिद्ध घरगुती संगणक काढला तेव्हां त्यांतील प्रोसेसरजवळ २० बिटांचे पत्ते होते, म्हणजे १०,४८,५७६ घरें. त्यांपैकीं ६४० किलोबाइट प्रोग्रॅमांसाठीं आणि उरलेला वरचा भाग पडदा व इतर यंत्रसामग्रीसाठीं राखलेला. ही वांटणी त्या काळीं उदार वाटली. पुढें दहा वर्षें तिनें प्रोग्रॅम लिहिणारांना रडविलें. १९८५ मध्यें इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर ३२ बिटांचे पत्ते घेऊन आला आणि घरांची संख्या ४,२९,४९,६७,२९६ झाली. यालाच चार गिगाबाइट म्हणतात. एकेका मेगाबाइटसाठीं लोक खिसा चांचपीत होते त्या दिवसांत ही संख्या कधीं अपुरी पडेल असें कोणास वाटणार?

ती पूर्ण भरण्यापूर्वींच पहिला चमत्कारिक प्रसंग विंडोज ९८ च्या बाबतींत घडला. ही सिस्टिम निघाली तेव्हां घरगुती संगणकांत ३२ किंवा ६४ मेगाबाइट रॅम असे. पुढें रॅम स्वस्त झाली, आणि कोणी हौसेनें एकदम एक गिगाबाइट बसविली कीं एमएस-डॉसची खिडकी उघडतांना पडद्यावर निरोप येई, मेमरी अपुरी आहे! रॅम वाढविली म्हणून रॅम अपुरी पडली, हें कोड्यासारखें वाटतें; पण उलगडा सोपा आहे. वारंवार लागणाऱ्या फाइली हाताशीं ठेवण्याचें काम व्हीकॅश नांवाच्या एका भागाकडे होतें. सिस्टिम सुरू होतांच तो रॅम किती आहे तें पाही आणि पुढेंमागें लागतील म्हणून त्या मानानें पत्ते अडवून ठेवी. सिस्टिमच्या सर्व अंतर्गत कामांना मिळून पत्त्यांचा टापू होता एका गिगाबाइटचा. रॅम जितकी अधिक, तितके व्हीकॅशचे पत्ते अधिक, आणि इतरांना उरणारे कमी. आगगाडीच्या रिकाम्या डब्यांत शिरून, अजून न आलेल्या सोबत्यांसाठीं सर्व बाकांवर रुमाल टाकणारा प्रवासी ज्यानें पाहिला आहे, त्याला अधिक सांगणें नको. मायक्रोसॉफ्टनें सांगितलेला उपायहि तसाच होता: सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलींत एक ओळ घालून व्हीकॅशची हांव ५१२ मेगाबाइट किंवा त्याहून कमींत बांधून टाकावयाची. नवी पट्टी काढून ठेवण्यापेक्षां हें बरें.

आतां आरंभींच्या सव्वातीनाकडे वळूं. ३२ बिटांचे पत्ते चार गिगाबाइटचे, मग चार तरी कां दिसूं नयेत? कारण हे क्रमांक एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड आदि मंडळींशीं प्रोसेसर बोलतो तेंहि अशाच क्रमांकांनीं, आणि त्यांच्यासाठीं चार गिगाबाइटच्या लगत खालचा पट्टा राखलेला असतो. तेवढे क्रमांक रॅमच्या हातचे जातात. ग्राफिक्स कार्ड भारी असलें तर तूट आणखी वाढते. म्हणूनच एकाच्या संगणकावर साडेतीन दिसतात तर शेजाऱ्याकडे पावणेतीन.

यावर तोड निघाली नव्हती असें नाहीं. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरमध्यें ३६ बिटांची सोय होती, म्हणजे ६४ गिगाबाइट. विंडोजच्या सर्व्हरसाठींच्या कांहीं आवृत्त्या तिचा लाभ घेत. घरगुती ३२-बिट विंडोजला मात्र मायक्रोसॉफ्टनें चार गिगाबाइटच्या कुंपणांतच ठेवलें, कारण निरनिराळ्या कंपन्यांचे कित्येक ड्रायव्हर ३२ बिटांपलीकडचा पत्ता आला कीं गोंधळून जात आणि सारा संगणक कोसळे. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. पण चार गिगाबाइटवर नीट चालणारा संगणक आठ गिगाबाइटवर कोसळणाऱ्यापेक्षां केव्हांहि बरा. विंडोज ७ च्या ६४-बिट आवृत्त्यांतील मर्यादांची गोष्ट वेगळी. होम बेसिकला ८ गिगाबाइट, होम प्रीमियमला १६, आणि प्रोफेशनलला १९२! येथें गणिताची अडचण मुळींच नव्हती. हा निव्वळ बाजाराचा हिशेब होता.

खरा मार्ग ६४-बिट सिस्टिमचा. विंडोज एक्स्पीची तशी आवृत्ति २००५ मध्यें निघाली, परंतु ड्रायव्हरांच्या अभावीं घरोघर पोंचली नाहीं. ती रुळली विंडोज ७ पासून. २०२१ मध्यें आलेली विंडोज ११ तर ३२ बिटांत मिळतच नाहीं. तेव्हां पट्टी विकत घेण्यापूर्वीं सिस्टिमच्या माहितींत ३२-बिट लिहिलें आहे कीं ६४-बिट, हें आधीं पाहावें. नंतर मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत कमाल रॅम किती आणि जात कोणती, तें. डीडीआर-३ च्या पट्टीस २४० पिना असतात, डीडीआर-४ च्या पट्टीस २८८, आणि खांचहि निराळ्या जागीं. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. जोर करूं नये.

मात्र ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर जातां येत नाहीं तें जागच्याजागीं. सिस्टिम नव्यानेंच घालावी लागते, आणि सोळा बिटांच्या काळांतले प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालत नाहींत. मराठी घरांत ही गोष्ट फार जपून करावयास हवी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर ज्या फाँटांत टाइप होई, त्यांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. तो फाँट गेला कीं वडिलांचा जमाखर्च किंवा आजीनें सांगितलेल्या आठवणी यांच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा उरतो. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वीं कागदपत्रांच्या नकलेबरोबर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधील फाइलींचीहि नक्कल घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून, ओळी वाचून पाहाव्या. मजकूर तेथें नीट दिसला नाहीं, तर जुना संगणक आहे त्या रॅमवर, आहे त्या सिस्टिमसह तसाच ठेवावा. एक्स्पीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली आहे. असा संगणक इंटरनेटला जोडूं नये, आणि त्यांतील मजकूर एकदां कागदावर छापून घ्यावा.