अजस्र प्राणी आणि पडद्यावरची घाई

आडसाली ऊस का लोळतो, हे बारामती-इंदापूर भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस दुसऱ्या पावसाळ्यात माणसाच्या दुप्पट उंच होतो, शेंडा जड होतो आणि एखाद्या वाऱ्या-पावसाच्या रात्री सगळा फड आडवा पडतो. म्हणून तर मोठी बांधणी करून बुडाला मातीची भर देतात. यामागचे गणित आल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८८१ मध्ये झाडांसाठी मांडले होते. उभा खांब स्वतःच्या वजनाने वाकू नये असे वाटत असेल, तर उंची दुप्पट करताना जाडी जवळजवळ तिप्पट करावी लागते. उंची वाढली आणि आकाराचे प्रमाण तेच राहिले, तर वस्तू कधीतरी पडणारच. गेली नव्वद वर्षे अजस्र प्राण्यांचे सिनेमे, विशेषतः कमी पैशांत काढलेले, नेमका हाच नियम मोडत आले आहेत. मात्र या सगळ्या काळाकडे मागे वळून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रेक्षकाने हाडांची चूक प्रत्येक वेळी माफ केली. वेळेची चूक मात्र त्याने क्वचितच खपवून घेतली. आणि वेळेची चूक अज्ञानातून कमी, पैशाच्या टंचाईतून जास्त झाली.

आधी हाडांचे पाहू. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात एका हाडाचे चित्र काढून दाखवले होते: लांबी तिप्पट केली तर तेच काम करण्यासाठी हाड बेढब वाटावे इतके जाड करावे लागते. प्राणी प्रमाणात दहापट केला की हाडांचा छेद शंभरपट होतो आणि वजन हजारपट. हाच मुद्दा जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मधल्या योग्य आकारमानावरच्या निबंधात जीवशास्त्राला लावला. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. म्हणजे पडद्यावर महाकाय मुंग्या-कोळ्यांचा सुळसुळाट सुरू होण्याच्या कितीतरी आधी, हे प्राणी का शक्य नाहीत याचे उत्तर छापून तयार होते. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये तर बेटावर १८ फुटांचा असलेला काँग न्यूयॉर्कमध्ये २४ फुटांचा होतो. उंची एक तृतीयांशाने वाढली, पण वजन सव्वादोन पटींहून जास्त वाढले, आणि पाय तेच राहिले.

शेतीच्या पट्ट्यातल्या वाचकाला १९५७ चा ‘बिगिनिंग ऑफ द एंड’ जास्त जवळचा वाटेल. बर्ट गॉर्डन या दिग्दर्शकाच्या या सिनेमात कृषी संशोधन केंद्रातले किरणोत्सर्गी धान्य खाऊन नाकतोडे अवाढव्य होतात आणि शिकागोवर चालून जातात. गॉर्डनने खरे नाकतोडे इमारतींच्या फोटोंवरून चालवले. पाच सेंटिमीटरचा नाकतोडा सहा मीटरचा केला, तर तो १२० पट वाढला. दोन ग्रॅमचे वजन साडेतीन टनांच्या घरात गेले आणि पायांच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १२० पट ताण आला. त्याची उडीही आपल्याला वाटते तशी वाढत नाही. बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच दाखवले होते की समान बांध्याचे लहानमोठे प्राणी साधारण सारख्याच उंचीची उडी मारतात, कारण स्नायू आणि वजन दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. ज्याच्या भीतीने शिकागो रिकामे होते, तो कीटक उभा राहू शकला तरी फूटभरच उडेल. शिवाय कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून आणि नळ्यांतून हवा आत झिरपते. एवढ्या मोठ्या देहात ती खोलवर पोहोचणार नाही आणि प्राणी पहिल्या दृश्यातच गुदमरेल. कीटकाची ताकद त्याच्या लहानपणात आणि संख्येत आहे. मे २०२० मध्ये विदर्भात उतरलेली टोळधाड काय किंवा पहिल्या वळवाबरोबर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे काय, नुकसान करायला त्यांना मोठे व्हावे लागत नाही. बोटाएवढी हुमणीची अळी उसाची मुळे खाऊन फडच्या फड वाळवते. या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्याला खरा राक्षस माहीत आहे, आणि तो जमिनीखाली राहतो.

‘गॉडझिला’ (१९५४) हे प्रकरण वेगळे, कारण त्याच्या निर्मात्यांनी आकडेच जाहीर केले: उंची ५० मीटर, वजन २०,००० टन. माणूस त्याच प्रमाणात ३० पट वाढवला तर तो १,९०० टनांचा होईल. गॉडझिला त्याच्या दसपट जड. साध्या उभ्या माणसाच्या तळव्याखाली चौरस मीटरला साधारण दोन टन दाब असतो. माणसासारखी पावले धरली तर गॉडझिलाच्या पायाखाली तो सहाशे टनांपुढे जातो. काळ्या मातीवर पाया घालताना चौरस मीटरला १०-१५ टनांपुढे जायला इंजिनिअर कचरतो. इंदापूरच्या काळ्या रानात हा प्राणी चालणारच नाही. प्रत्येक पाऊल मुरमापर्यंत रुतेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो डायनोसॉरांचा. ते होतेच की नाही एवढे मोठे? होते, आणि महाराष्ट्रातही होते: चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेला आयसिसॉरस हा झाडपाला खाणारा प्रचंड प्राणी होता. पण त्याच्या जातकुळीचे पाय खांबासारखे सरळ, डोके लहान, मणक्यांत हवेच्या पोकळ्या. निसर्गाने मोठे होताना आकार बदलला. सापाच्या बाबतीत आक्षेप आणखी खरा आहे. कच्छमधल्या पानांध्रोच्या खाणीतून मिळालेल्या आणि २०२४ मध्ये ‘वासुकी’ नाव मिळालेल्या सापाची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज आहे. साप आपले वजन सगळ्या लांबीभर जमिनीवर टाकतो, त्यामुळे १९९७ चा ‘अॅनाकोंडा’ हा या सगळ्या मांदियाळीतला हाडांच्या बाबतीत सर्वांत प्रामाणिक सिनेमा म्हणावा लागेल. खोटी आहे ती त्या सापाची चपळाई. पाण्याचा आधार घेतला तर आणखी मोठे होता येते, पण उजनीच्या फुगवट्यातून बाहेर येऊन भिगवणच्या रस्त्यावर चालायचे असेल तर नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आलेला ४२ फुटी निळा देवमासा वाचला नाही. अशा देहाला किनाऱ्यावर स्वतःचेच वजन फुप्फुसांवर घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो. नीरा-भीमेच्या संगमावर, इंदापूर तालुक्यातल्या नीरा नरसिंहपूरला, अर्धा नर अर्धा सिंह असलेल्या देवाला लोक भक्तिभावाने नमस्कार करतात; कुंभकर्णाच्या मांडीच्या हाडाची जाडी कुणी विचारत नाही. मग बिचाऱ्या नाकतोड्यालाच का धारेवर धरावे? मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर कथेच्या कराराकडे आहे. पुराणकथा वर देते, शाप देते, अवतार घडवते. निसर्गनियम बाजूला ठेवल्याचे ती उघड सांगते. अणुयुगातला राक्षसपट मात्र पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ उभा करून कारण देतो. ज्याने कारण दिले त्याने हिशेबाची जबाबदारीही घेतली.

तरीही प्रेक्षक हाडांसाठी अडून बसत नाही. त्याने एक्स-रे पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले असते ते जड वस्तूंचे हलणे: हत्तीची चाल, मयूरेश्वर अभयारण्यातल्या चिंकाऱ्याची तुरुतुरु पावले, उसाने भरलेली ट्रॉली कलंडतानाचा तो लांबलेला क्षण. पाय जितका लांब तितका त्याचा झोका संथ. पडण्याची उंची चौपट तर वेळ दुप्पट. ५० मीटरवरून कोसळणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात, दोन मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला सेकंदही लागत नाही. म्हणून एकास पंचवीस प्रमाणाच्या प्रतिकृतीत रबरी पोशाख घातलेला नट फिरवायचा, तर कॅमेरा पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटींनी, चालवावा लागतो. मग नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर सगळे संथ आणि जड दिसते. ‘गॉडझिला’च्या विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांनी वेग वाढवून चित्रण केले, आणि म्हणून अशक्य वजनाचा तो प्राणी आजही जड वाटतो. गॉर्डनच्या नाकतोड्यांना त्याच हिशेबाने अकरापट संथ व्हावे लागले असते. ते आपल्या मूळ चपळाईनेच चालतात, आणि पाहणाऱ्याला फोटोवर फिरणारा किडा दिसतो.

पाचपट वेग म्हणजे पाचपट कच्ची फिल्म, जास्त प्रकाश, आणि एक टेक फसला तर पाचपट नुकसान. आपल्याकडे १९६६ मध्ये बलवंत दवे यांनी समुद्रातून निघून मुंबईवर येणारा ‘गोगोला’ काढला, तेव्हा कच्ची फिल्म परदेशातून, परवान्यावर येत होती. अशा काळात राक्षसाला त्याच्या वजनाइतका वेळ द्यायचा म्हणजे तिजोरी रिती करणे. भौतिकशास्त्राची पायमल्ली झाली ती बहुतेक वेळा इथे, निर्मात्याच्या वहीत. खरा किडा मोठा करून दाखवणे स्वस्त, कारण आकार नव्याने रचावा लागत नाही. तो नेहमीच्या वेगाने टिपणे त्याहून स्वस्त.

पुढच्या काळाने याची उलट बाजूने साक्ष दिली. १९९४ मध्ये हिंदीत बोलू लागलेल्या ‘ज्युरासिक पार्क’ने, आणि नंतर केबलवर आलेल्या डब केलेल्या सिनेमांनी, ग्रामीण प्रेक्षकासमोर खर्चिक आणि स्वस्त राक्षस शेजारी-शेजारी ठेवले. अलीकडचे संगणकाने रचलेले काँग आणि गॉडझिला तर शंभर मीटरच्या आसपास गेले आहेत. हाडांच्या हिशेबाने ते १९५४ पेक्षाही अशक्य. पण त्यांचे हात संथ उठतात, इमारतींची धूळ सावकाश खाली येते, आणि डोळा फारशी तक्रार करत नाही. काही जण म्हणतील की संगणकाचा तपशील, कातडीचे खवले, प्रकाश यांमुळे ते खरे वाटतात. तपशिलाचा वाटा आहेच. मात्र याच सिनेमांत हाणामारी वेगवान करण्यासाठी हालचाल घाईची केली की तेच खवले असूनही प्राणी एकदम हलका होतो.

आता साध्या मोबाइलमध्येही सेकंदाला २४० चौकटी टिपता येतात. २४ च्या वेगाने दाखवल्या तर वेळ दसपट ताणला जातो, आणि वेळ दसपट म्हणजे आकार शंभरपट: अर्ध्या मीटरचा मातीचा प्राणी ५० मीटरचा वाटू शकतो. बारामतीच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलांना हे जवळजवळ फुकट करता येईल. त्यांनी फक्त उजनीच्या पाण्यात त्याला उतरवू नये, कारण पाण्याच्या थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो आणि तो कॅमेऱ्याच्या वेगाने लहान होत नाही. एकेक थेंब माणसाच्या डोक्याएवढा दिसेल. ऊस तुटून गेलेले कोरडे रान घ्यावे, बारीक चाळलेली माती उडवावी, आणि पाय जाड करावेत.