हरलेल्या नाईकाची गोष्ट मुलांना सांगावी का?

रात्रीची जेवणे आटोपली, गुराढोरांचे वैरणपाणी झाले, की घरातले पोर आजीजवळ सरकते आणि म्हणते, "गोष्ट सांग." आजी शिवाजी महाराजांची सांगते, तानाजीची सांगते. ती सांगावीच. पण एखाद्या रात्री तेच पोर विचारते, "आजी, आपल्या इकडं कोनी लढलंच नाही का वं?" आणि आजी गप्प होते. पुसद-उमरखेडकडच्या घरांत तरी गप्प होण्याचे कारण नाही.

पण आधी एका परक्या पुस्तकाची ओळख करून घेऊ. इंग्लंडमध्ये रोझमेरी सटक्लिफ (१९२०-१९९२) नावाच्या लेखिका होऊन गेल्या. लहानपणीच सांध्यांच्या आजाराने त्या अधू झाल्या, पुढे चाकांच्या खुर्चीत बसूनच त्यांना वावरावे लागे. १९५६ साली त्यांची मुलांसाठी लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी निघाली, 'द शील्ड रिंग', म्हणजे ढालींचे कडे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंडवर स्वारी करून राज्य घेतले. पण वायव्येकडच्या डोंगरांत नॉर्स लोकांची वस्ती होती. समुद्रापलीकडून येऊन ते तिथे पिढ्यान्पिढ्या मेंढ्या राखीत आणि शेती करीत होते. कादंबरीत हे लोक नॉर्मन फौजेपुढे मान तुकवीत नाहीत.

फ्रिथा नावाच्या लहानग्या मुलीचे घर शिपाई जाळतात आणि घरचा जुना गडी तिला उचलून डोंगरात आणतो. तिच्याबरोबर वाढणारा ब्यॉर्न धीट आहे, पण एक भीती त्याला सोडत नाही. शत्रूने पकडून हाल केले, तर आपण तोंड उघडू की काय? पुढे हीच कसोटी त्याच्यावर येते. डोंगरातली माणसे फौजेला चकवण्यासाठी एक वाट बांधतात, ती सरळ कोंडीच्या दरीत नेते. ह्या लढाईला पक्का कागदोपत्री आधार नाही, ती तिकडची दंतकथा आहे. पण ते लोक खरे होते. ओढ्याला आणि डोंगराला त्यांनी दिलेले शब्द तिथल्या मेंढपाळांच्या तोंडी आजही आहेत.

आता आपल्या डोंगराकडे या. इथे हटकरांचा दबदबा होता. हटकर हे धनगरांपैकीच. मेंढरे राखावीत आणि वेळ आली की भाला उचलावा, अशी त्यांची रीत. अकबराच्या काळी अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त वाशीमच्या भागाची माहिती देताना त्यांची नोंद केली. मानी, सहजी न जुमानणारे लोक, त्यांचे १,००० घोडेस्वार आणि ५,००० पायदळ, असे तो लिहितो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दुसरा बाजीराव आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ, इंग्रजांकडून हरला होता. पुढच्याच वर्षी, १८१९ साली, हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक उमरखेडजवळ निजामाच्या फौजेशी उघड्या मैदानात भिडले. त्या फौजेवर मेजर पिटमन हा इंग्रज अधिकारी होता. नाईकांना मागे हटावे लागले. पैनगंगेपलीकडे, आजच्या नांदेड जिल्ह्यात, नाव्हा इथे त्यांचे ठाणे होते. फौजेने त्याला वेढा घातला आणि हल्ला करून ते घेतले. नाईकांना धरून हैदराबादला नेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला, असे जुने गॅझेटियर सांगते. चार ओळींत सारे संपते.

तुम्ही म्हणाल, ही तर हरल्याची गोष्ट. मुलांना कशाला सांगायची? त्यासाठीच सांगायची. शेतकऱ्याच्या पोराला हार नवी नाही. पाऊस दगा देतो, बोंडअळी पीक खाते, आणि घरातली मोठी माणसे पुन्हा तिफण धरतात. हरलेला माणूस हलका नसतो, हे त्याला लहानपणीच कळलेले बरे. आणखी एक गोष्ट त्याला सांगा. नाईकांच्या बाजूने अरब शिपाईही लढले. म्हणजे ही एका जातीची किंवा धर्माची दुसऱ्याशी लढाई नव्हती. तिच्यातून कुणाचा द्वेष शिकवू नका.

सांगायची कशी? तलवारीपासून सुरुवात करू नका. वेढा पडला तेव्हा मेंढरे कुणी राखली असतील, दाणापाणी किती दिवस पुरले असेल, बाया काय बोलल्या असतील, हे मुलांनाच विचारा. त्यांची डोकी चालू द्या. फक्त 'हे घडले' आणि 'हे आपण रचले' ह्यांतला फरक त्यांना सांगत चला. इतिहासाला खोटेपणा लागू नये.

आणि एक काम कराच. शाळेची जुनी कोरी वही घ्या. गावातल्या म्हाताऱ्यांना गढीबद्दल, घाटाबद्दल, एखाद्या वीरगळाबद्दल काय ठाऊक आहे ते पोराला लिहून घ्यायला लावा. सांगणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. सटक्लिफबाईंना त्यांच्या डोंगरातली दंतकथा मिळाली, कारण ती कुणीतरी जपून ठेवली होती. आपल्या डोंगराची कादंबरी उद्या कुणी लिहायला बसले, तर त्याला तुमच्या घरची ही वही उपयोगी पडेल.