जर्मनीतलं कासवछाप इंटरनेट

जर्मनीत आल्यावर आईला पहिला व्हिडिओ कॉल लावला आणि तिचा चेहरा अर्ध्यावरच गोठला! करारात वेग १०० एमबीपीएस, हातात जेमतेम २०.

इथे अनेक घरांत इंटरनेट अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येतं. रस्त्यावरच्या पेटीपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी.

आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा. जाड भिंतींपुढे वायफायच धापा टाकतं.

तरीही रडगाणं चालूच? डिसेंबर २०२१पासून कायदा आपल्या बाजूने आहे. 'बुंडेसनेट्झआगेंटूर' या सरकारी नियामकाच्या मोफत प्रोग्रॅमने तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा वेग मोजायचा, तोही केबलवरच. सतत कमी भरला, तर बिल कमी करून मागता येतं. कंटाळवाणं आहे, पण माझं बिल उतरलं.

काही अडलं तर बिनधास्त विचारा.