पिवळ्या झेंड्याखालची रात्र

आमच्या जालन्याची नदी कुंडलिका, आणि तीही वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा गावचा माणूस शिडाच्या नौकेवर खलाशी होऊन न्यूझीलंडला कशाला जातो, असे आईने विचारले होते. विचारता विचारताच तिने मेथीदाण्यांची पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली. "भाजी मिळणार नाही, मोड आणून खात जा," म्हणाली.

फिजीहून ओपुआ बंदर आठ-दहा दिवसांचे. आपण येतो आहोत हे निदान ४८ तास आधी कळवावे लागते. पोहोचल्यावर पिवळा झेंडा चढवायचा. 'आमची तपासणी व्हायची आहे' असा त्याचा अर्थ. नौका बांधायची ती तपासणीच्या धक्क्याला, आणि हा धक्का जमिनीला जोडलेलाच नाही! आम्ही संध्याकाळी पोहोचलो. अधिकारी सकाळी येणार. समोर काठावर दिवे, माणसांचे आवाज, आणि आम्ही रात्रभर पाण्यातच.

सकाळी पासपोर्ट, मागच्या बंदराचा दाखला, खलाशांची यादी हे सारे चटकन आटोपले. वेळ गेला तो स्वयंपाकाच्या डब्यांत. ताजी फळे, मध, उगवू शकेल असे बी, काहीही आत जात नाही. नौकेचा तळ खरवडून स्वच्छ केल्याची पावतीही पाहिली, कारण तळाला चिकटलेले जीवही परकेच. उरलेली मेथी मी यादीत लिहिली होती. लिहिले तर वस्तू जाते, लपवले तर दंड होतो. तरी आईने मारलेली गाठ तशीच त्यांच्या पिशवीत पडली तेव्हा राग आलाच.

मग आमचे बांध आठवले. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. ते उपटता उपटता वडिलांच्या हातांना कायमची खाज जडली. तेव्हा ती पोती कुणी अशी उघडून पाहिली असती तर?

परवानगी मिळाली. पिवळा झेंडा उतरला, त्या देशाचा चढला. आता बे ऑफ आयलंड्समध्ये हवा तिथे मुक्काम. नांगर नुसत्या वजनावर धरत नाही. खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडावी लागते, आणि तळ चिखलाचा किंवा वाळूचा हवा. खुंट्याला बांधलेल्या बैलासारखी नौका वाऱ्याबरोबर फिरते, म्हणून शेजारच्या नौकेपासून तेवढे अंतर राखायचे.

आईला फोनवर मेथीचे खरे सांगून टाकले. ती म्हणाली, "मग आता खातोस काय?"

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)