मुलांसाठी घेतलेला संगणक

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत संगणक शिरला तो ‘मुलांच्या अभ्यासासाठी’. असेंबल करून घेतलेला, वर घरी शिवलेलं कव्हर. जेवणं उरकल्यावर मात्र त्याच्यापुढे बहुतेक वेळा आम्हीच, म्हणजे आई-बाप.

सुरुवात एन्कार्टाने झाली. मायक्रोसॉफ्टचा हा ज्ञानकोश १९९३ चा. त्यातल्या माइंडमेझमध्ये जुन्या गढीतल्या खोल्यांमधून प्रश्नांची उत्तरं देत पुढे सरकायचं. मुलं लवकर कंटाळत. सामान्यज्ञान वाढलं असेल तर ते आमचं.

पण खरी गोडी लावली ती जीकॉम्प्रिसने. फ्रान्सच्या ब्रुनो कूद्वँ यांनी २००० साली सुरू केलेला हा मुक्त, मोफत खेळसंच. वयोगट २ ते १०. मुलीसाठी तो संगणकावर घातला आणि ‘बाबा, आता माझी पाळी’ हे वाक्य घरात रोजचं झालं. पहिल्या खेळांत माऊस नुसता फिरवायचा, की पडद्यावरचे चौकोन पुसले जाऊन मागचं चित्र दिसतं. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गात चाळिशीतली माणसं शेजाऱ्याच्या नजरेला बिचकत जे शिकत होती, ते इथे कुणी बघत नसताना जमे. चुकलं तर पुन्हा करायचं, एवढंच. परीक्षा नाही, फी नाही. आमच्या पिढीला हे फार मानवलं.

त्यातला पाण्याचा खेळ मी कितीदा खेळलो, सांगता येणार नाही. टक्स नावाचा पेंग्विन होडीतून घरी येतो, त्याला आंघोळ करायची आहे आणि नळाला पाणी नाही. आधी सूर्य लावायचा, मग ढग, पाऊस; नदी भरली की पंप. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरच्या साठ्याचे आकडे पेपरात वाचून कपातीचा अंदाज बांधणाऱ्या पुणेकराला यात शिकण्यासारखं काही नसावं, असं वाटे. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू केल्याशिवाय यंत्रणा पुरी होत नाही. मुठेच्या पुलावरून रोज नाक दाबून जाणाऱ्या माझ्या डोक्यात ती साखळी पहिल्यांदा सलग बसली ती या पेंग्विनमुळे. (महापालिकेच्या सभागृहातही हा खेळ लावून बघायला हरकत नव्हती.)

पाणबुडी वेगळीच चीज. टाक्यांत पाणी घेतलं की खाली, सोडलं की वर. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत घोकून पाचपैकी पाच मिळवले होते. इथे मात्र पाणबुडी सारखी तळाला आपटत होती.

पुढे मोबाइल आला, बक्षिसांचे तारे आणि मध्येच जाहिराती दाखवणारी ॲप्स आली. ती एकट्या मुलाच्या हातात मावतात, शेजारी बसायला जागा ठेवत नाहीत. जीकॉम्प्रिस आता अँड्रॉइडवरही मिळतो. मुलगी केव्हाच मोठी झाली. माझ्या टॅबवर तो आहे, आणि कुणी विचारलं तर नातवंडांसाठी घेऊन ठेवलाय, असं मी सांगतो. नातवंडं अजून व्हायची आहेत.