दम दिलेला कोळसा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोकणातल्या गावी लग्नाची वरात निघाली की डोक्यावर दिवे घेतलेली माणसं दोन्ही अंगांनी चालायची. त्या दिव्यांना आम्ही पोरं 'गॅस' म्हणायचो. आत रॉकेल असायचं, पंप मारून ते वर चढवायचं, पण नाव मात्र गॅसबत्ती. त्या दिव्यातली पांढरी जाळी, म्हणजे मँटल, मुळात गॅसच्या दिव्यासाठी निघाली होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. खरा गॅसचा दिवा आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर मात्र ते १८६५ साली लागले. लालबागेत त्याचा कारखाना होता. 'गॅस कंपनी लेन' हे नाव तिथं मागे राहिलं.

हा गॅस आपल्या सिलिंडरमधला नव्हे, की समुद्रातून काढलेला नव्हे. तो कोळशापासून तयार करीत. कसा, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही स्कॉटलंडमधल्या एका छोट्या गावात. गावाचं नाव बिगर. बिगरशेती, बिगरपगारी या शब्दांतून वाढलेल्या माणसाला असं नाव ऐकून हसू येणारच.

मी तिथं गेलो होतो एका कवीसाठी. ह्यू मॅकडायर्मिड हा स्कॉट्स भाषेतला मोठा कवी. १९५१ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, तो बिगरजवळच्या एका साध्या बैठ्या घरात राहिला. इंग्रजीच्या सावलीत वाढलेल्या बोलीत लिहिणारा हा माणूस कुठं बसून लिहीत होता, ते मला पाहायचं होतं. माझी भाची एडिंबरोला असते. "मामू, तासाभराचा तर रस्ता आहे, चला," म्हणाली. घर बाहेरून पाहिलं, दहा मिनिटांत ते पाहून झालं. मग ती म्हणाली, "गावात जुना गॅसचा कारखाना जपून ठेवलाय, तोही बघू या." मी नाराजीनेच निघालो. कवीला कारखान्याचं काय?

कारखाना म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं काही तिथं नाही. एक अंगण, विटांच्या दोन-चार इमारती, धुराडं आणि गॅस साठवायच्या लोखंडी टाक्या. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाला पुरेल एवढाच पसारा. १८३९ साली तो सुरू झाला आणि १९७३ साली थांबला. मोठ्या शहरांतले असले कारखाने पाडून टाकले गेले. हा लहान होता, आडबाजूला होता, म्हणून वाचला.

गॅस काढायची युक्ती आपल्याला अनोळखी नाही. रायगडच्या डोंगरात लाकडं रचून, वर माती लिंपून कोळशाची भट्टी लावतात. हवा लागू दिली नाही की लाकूड जळून राख होत नाही. त्यातलं उडून जायचं ते उडून जातं आणि कोळसा उरतो. इथं लाकडाऐवजी दगडी कोळसा, आणि जे उडून जातं तेच धरून ठेवायचं. भाचीला मी म्हटलं, ही तर दमाची हंडी! हंडीचं झाकण आपण कणकेने लिंपतो, त्यांच्याकडे पूर्वी चुन्याच्या लगद्याने लिंपत. आपण सुगंध आत ठेवतो, ते बाहेर नेत. एवढाच फरक.

त्या हंडीला रिटॉर्ट म्हणतात. भाजलेल्या मातीची लांबट, आडवी नळकांडी, मागून बंद, पुढे लोखंडी झाकण. खाली कोकची भट्टी. उष्णता हजार अंशांच्या आसपास. आत कोळसा भरून झाकण घट्ट लावलं की काही तासांत त्यातला सगळा वायू निघून वरच्या नळात चढतो. तिथं एका आडव्या नळात पाणी असतं आणि वायूला त्या पाण्यातून बुडबुड्यांनी पुढे जावं लागतं. पुढे गेलेला वायू मागे येऊ शकत नाही. म्हणून एक रिटॉर्ट उघडला तरी बाकीच्यांचा गॅस त्या तोंडातून बाहेर पडत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यावाचून सगळा कारखाना उडाला असता.

हा वायू अजून वापरण्याजोगा नसतो. उभ्या नळांच्या रांगेतून तो थंड होत जातो आणि डांबर खाली गळतं. मग पाण्याने धुऊन त्यातला अमोनिया काढायचा. शेवटी चुना किंवा लोखंडाच्या गंजासारखी माती पसरलेल्या पेट्यांतून न्यायचा, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकयुक्त वायू तिथं अडकतो. पेट्या रिकाम्या करायच्या दिवशी दुर्गंधी पसरायची. गंमत अशी की डांग्या खोकला झालेल्या मुलांना ब्रिटनमध्ये आया मुद्दाम अशा कारखान्यांत घेऊन जात. तो वास हुंगला की खोकला बरा होतो, अशी समजूत होती. आपल्याकडच्या समजुतींना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्वच्छ झालेला गॅस टाकीत जातो. टाकी म्हणजे पाण्याच्या हौदात उपडी घातलेली प्रचंड घागर. गॅस आला की घागर वर उचलली जाते, गावाने वापरला की खाली बसते. तिच्या वजनाचाच दाब गावातल्या नळांना पुरतो. वीज नको, पंप नको. संध्याकाळी घागर किती खाली बसली यावरून गाव जागं किती आहे ते कळत असणार.

एक टन कोळशातून साधारण तीनशे घनमीटर गॅस निघायचा. त्यात निम्मा हायड्रोजन, बराचसा मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे विषच. शिवाय सहा-सातशे किलो कोक आणि पंचेचाळीसेक लिटर डांबर. कोक थोडा भट्टीलाच लागायचा, उरलेला विकायचा. डांबराची कथा तर वेगळीच. आधी त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून रंग काढले. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग लागला, तिथून कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. नॅफ्थलिनही त्याच डांबरातलं. थंडीत ते नळांत साचून गॅस तुंबवायचं. आपण ज्यांना डांबरगोळ्या म्हणतो त्या याच. शब्द आपल्याला वंशावळ सांगत होता, आपण कधी ऐकली नाही. तिथं एका जुन्या खड्ड्यापाशी वास आला आणि भाची चटकन म्हणाली, "मामू, हा तर नानीच्या ट्रंकेचा वास!" नानी म्हणजे माझी आई.

हे सगळं दाखवणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी रिटॉर्टचं झाकण कसं उघडत ते करून दाखवलं. आधी फक्त किंचित सैल करायचं आणि फटीतून येणारा उरलासुरला गॅस पेटवून द्यायचा. एकदम उघडलं तर हवा आत शिरते आणि स्फोट होतो. मग बाजूला सरून, तोंड फिरवून झाकण ओढायचं. लांब सळईने धगधगता कोक बाहेर ओढायचा, त्यावर पाणी मारायचं, आणि लगेच फावड्याने नवा कोळसा आत. आग थंड होऊ द्यायची नाही. रात्र नाही, रविवार नाही, ईद नाही की नाताळ नाही.

त्यांनी तोंड फिरवलं ते पाहून मी थबकलो. माझे आजोबा बोटीवर आगवाले होते. वाफेच्या बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालणारा खलाशी म्हणजे आगवाला. इंग्रज कप्तानही तोच शब्द वापरीत. घरी परतल्यावर साध्या भाताच्या टोपावरचं झाकण काढतानाही आजोबा बाजूला सरून तोंड फिरवायचे. आम्ही नक्कल करायचो. दादी रागवायची, पण कारण तिलाही ठाऊक नसावं.

लंडनच्या मोठ्या कारखान्यांत हे काम बारा बारा तास चाले. १८८९ साली बेक्टनच्या कारखान्यातल्या विल थॉर्न या भट्टीवाल्याने संघटना उभी केली आणि आठ तासांची पाळी मिळवली. त्याला लिहायला-वाचायला नीट येत नव्हतं. त्यात त्याला मदत केली कार्ल मार्क्सची मुलगी एलिनॉर हिने. तास कमी झाले, पण धूर तोच राहिला. १९५२ साली डॉ. रिचर्ड डॉल यांनी गॅस कामगारांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त निघालं. १९६५ सालच्या पाहणीत त्याचा रोख रिटॉर्टपाशी राबणाऱ्यांकडे वळला. माझे आजोबा शेवटची वर्षं खोकत होते. बिडीचा खोकला, एवढंच आम्ही म्हणायचो. ते बिडी ओढायचेही, त्यामुळे प्रश्न तिथंच मिटायचा.

उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस आला आणि बिगरचा कारखाना १९७३ च्या जानेवारीत बंद झाला. आज भट्टीत हात घातला तर गार लागते. निघताना मी भिंतीला टेकवलेलं फावडं उचलून पाहिलं. रिकामं होतं, तरी मनगटाला जाणवलं. भाचीने फोटो काढला. त्यात मी हसतो आहे, आणि माझं तोंड नेमकं झाकणाच्या समोर आहे.